फोटोत न उतरलेला म्हातारा
ओल्या खोबऱ्याचा वास आला की वर्तकनगरमधली आमची ती खोली आठवते. नव्वदचं दशक संपत आलेलं, आणि आम्ही तीन मित्र तिथे वेबसाइट बनवायचो. एक चित्रं करायचा, एक कोड लिहायचा, मजकूर माझा. तिघांनी ‘ओके’ म्हटल्याशिवाय काही बदलायचं नाही, हा आमचा नियम, आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान. माजिवड्याच्या एका आगरी कुटुंबाने आपल्या शेतात बांधलेल्या लग्नाच्या हॉलची साइट आम्हाला दिलेली. ती बघायला सगळं घर आलं, आजी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन. मॉडेम किंचाळला आणि हॉलचा फोटो पडदा सोडावा तसा वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी आभाळ, मग कमान, मग दार. त्यांनी दिलेल्या फोटोत त्या दारात आजोबा उभे होते, नुकतेच वारलेले. ‘गावठी दिसतं रे,’ म्हणून आम्ही त्यांना पुसून तिथे कुंड्या ठेवलेल्या, आणि तिघांनीही ओके म्हटलेलं. “म्हातारा कवा येल रं?” आजीने विचारलं. फोटो पुरता उतरला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “धोतर मललेला व्हता, म्हनून नय घेतला ना? फोटूच्या आधी मीच धुवाला पायजे व्हता.” मग तिने आमच्या उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. आजही बायको नारळ फोडून पहिला तुकडा पुढे करते, तेव्हा मी म्हणतो, आधी बाकीच्यांना दे.