उजवा कौल

माझा धाकटा भाऊ दहावी झाला त्या वर्षी वडील घरीच होते. गिरणी बंद पडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, जिभेची धार मात्र तशीच. भांडुपच्या आमच्या चाळीत शेजारी एक फिटर राहायचे, मुलुंडच्या कारखान्यात कामाला. त्यांनीच सांगितलं, अप्रेंटिस घेतायत, पोराला लावून टाका. भाऊ त्या दिवसापासून हवेत. शेजाऱ्यांचे पंखे, इस्त्र्या उघडून बसणारा मुलगा तो. त्याला लोखंड कातायच्या लेथ मशीनवर उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं.

मी नको म्हणत होते. घाटकोपरला औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला जायचे. तिथली अप्रेंटिस पोरं रोज बघत होते. आधी झाडू आणि चहा, मग मशीन, आणि हात बसला की सर्टिफिकेट देऊन रवानगी. त्यांच्या जागी लगेच नवी पोरं. आमच्या घरातल्या एकाने तरी कॉलेजात जावं असं मला फार वाटायचं. माझं शिक्षण गिरणीबरोबरच बंद पडलं होतं आणि त्याचा राग माझ्यात होता, हेही खरं.

वडिलांचं वेगळंच. “देवाक इचारल्याशिवाय मी हो म्हणूचंय नाय.” गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं, देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, आमच्याकडे सगळं असंच ठरत आलेलं. गावी काकांना पत्र गेलं. भाऊ चिडला. “ताई, देवाला लेथ काय असतं ते तरी माहीत आहे का गं?” तरी पोस्टमन दिसला की पहिला धावायचा तोच.

उत्तर आलं त्या दिवशी नेमका तो घरी नव्हता. वडील म्हणाले, “वाच गो, काय लिवल्यान?”

काकांनी लिहिलं होतं, देवाने उजवा कौल दिला. खाली रेघसुद्धा मारली होती.

“डावा पडला, बाबा,” मी म्हणाले.

“मगे नाय,” एवढंच म्हणून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. पत्र मी स्टोव्हवर धरून जाळलं. संध्याकाळी भावाला सांगितलं. तो भांडेल म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो हातपाय धुऊन जेवायला बसला.

त्याला कॉमर्सला घातलं. बारावीला तो दोनदा नापास झाला, मग साबणाच्या एका एजंटकडे लागला. सायकलला खोके बांधून मालाडभर दुकानादुकानांत माल घालायचा. फिटरांनी त्या वर्षी लावलेल्या चाळीतल्या पोरांपैकी एक कायम झाला, बाकीचे घरी बसले. भाऊ कुठल्या बाजूला पडला असता कोण जाणे. मी मात्र मनाशी त्याला नेहमी घरी बसलेल्यांत मोजायचे. त्याशिवाय मला झोप लागली नसती.

पुढे तीन-चार वर्षांनी वडील गेले. तेराव्याला काका गावाहून आले. जेवता जेवता त्यांनी भावाला विचारलं, काय करतोस हल्ली? त्याने सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला.

“आणि ता कारखान्याचा? देवान उजवो कौल दिल्यान, तरी तू गेलंस कशाक नाय रे?”

मी वाढत होते. भावाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या घरात वडिलांना पत्रं वाचून दाखवणारी मी एकटीच होते, ते त्याला आठवायला वेळ लागला नाही. आता हा सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलावंच त्याने, असं मला वाटलं.

“माझंच मन नव्हतं, काका,” तो म्हणाला, आणि भातासाठी ताट माझ्यापुढे धरलं.