व्हेल्डाला माहीत नव्हतं

व्हेल्डा मिकल्सन शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं पाव भाजत होती, आणि मॉर्मन लोकांच्या सॅनपीट खोऱ्यात तिच्या हातच्या पावाबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. तसं खोऱ्यात दुमत कशाबद्दलच नसायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खं गाव पाण्याचा थेंबही न घेता उपाशीपोटी प्रार्थनाघरात जमायचं आणि ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष द्यायचा की, मला माहीत आहे, हा धर्म खरा आहे. 'मला वाटतं' नाही, 'माझा विश्वास आहे' नाही. माहीत आहे. चार वर्षांची पोरंसुद्धा आईनं कानात सांगितलेलं माइकवर म्हणायची आणि म्हाताऱ्या कौतुकानं डोळे पुसायच्या. व्हेल्डाही वर्षातून दोनदा उभी राहायची. थोडक्यात आटपायची, म्हणून लोकांना आवडायची. उपाशी माणसाला लांबलेली साक्ष फार जड जाते.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात तिच्या मुलीनं, शॉनानं, बटाटे सोलता सोलता एक साधा प्रश्न विचारला आणि सगळं बिघडलं. शॉनाचं लग्न ऑगस्टात ठरलं होतं, मँटायच्या मंदिरात, म्हणून हल्ली तिला असले प्रश्न सुचायचे.

"आई, तुला उत्तर कधी मिळालं गं?"

कसलं उत्तर, हे त्या घरात सांगावं लागत नसे. मॉर्मन ग्रंथाच्या शेवटी म्हटलंय की कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, देवालाच विचारा, तो सांगेल. आणि तो सांगतो तेव्हा छातीत ऊब दाटते, हे प्रत्येकाला लहानपणीच कळलेलं असतं.

"चौदाची होते," व्हेल्डा म्हणाली. "मुलींचं शिबिर होतं. शेवटच्या संध्याकाळी शेकोटीभोवती साक्षी चालल्या होत्या, आणि माझ्या छातीत अशी ऊब..."

ती थांबली. ही गोष्ट तिनं शंभरदा सांगितली असेल, पण आपण बसलो कुठे होतो हे कधी आठवून पाहिलं नव्हतं. शिबिराची प्रमुख तिचीच आई, त्यामुळे ती अगदी पुढच्या रांगेत, ओंडक्यांपासून दोन हातांवर होती. तिच्या स्वेटरची लोकर करपली होती त्या दिवशी! आणि देवाला तर तिनं काहीच विचारलं नव्हतं. साक्ष देणाऱ्या आईकडे बघून ती नुसती रडली होती.

"मग?"

"मग काही नाही. बटाटे बारीक चीर."

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. धुतलेल्या बरण्या ती पुन्हा धुवायची. तीन दिवसांनी तिनं नवऱ्याला, डीलॉयला, टर्कींना दाणा टाकताना गाठलं.

"तुझ्या छातीत कधी ऊब दाटली होती का रे?"

"लग्नामयताला ते चीजचे बटाटे असतात ना, त्यांनी दर वेळी जळजळतं. देव माझ्याशी फार बोलतो म्हणायचा." मग बायकोचा चेहरा बघून त्यानं बादली खाली ठेवली. "अगं, मी कधी विचारलंच नाही. माझ्या बापाला माहीत होतं. तेवढं मला पुरलं."

व्हेल्डाला ते पुरेना. तिनं ठरवलं, आता विचारायचंच. कोठीघरात पीचच्या बरण्यांसमोर ती गुडघे टेकायची. महिन्याच्या एका उपासाऐवजी ती दर रविवारी उपास करू लागली. जेवणाच्या सुट्टीत पिठाच्या पोत्यावर बसून ग्रंथ वाचायची. एखादं पान वाचताना वाटायचं, हे माणसाचं काम नव्हेच. आणि पुढच्याच पानावर वाटायचं, कोणीतरी बसून रचलंय. खोटं आहे असं ठाम कळलं असतं तरी ती एक वेळ शांत झाली असती. पण तेही कळेना. तिला देवाचा रागच आला. सगळ्या गावाशी बोलतो आणि माझ्या दारावरून मुकाट जातो!

घाई होती ती लग्नामुळे. मंदिरातल्या विधीला परवाना नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, मग ती वधूची आई का असेना. परवाना बिशप देतो, दर वर्षी प्रश्न विचारून, आणि व्हेल्डाचा जुलैत संपत होता. आधी कोर्टात लग्न लावून घ्यावं तर मंदिरासाठी वर्षभर थांबायला लागायचं, आणि गावानं कशाकशाचे तर्क केले असते.

शेवटी तिनं शॉनाला सांगितलं.

"अगं, मग 'हो' म्हण ना!" शॉना म्हणाली. "सगळेच म्हणतात. आपल्यात कॉफी वर्ज्य, तरी शेजारची सिस्टर लुंड कपाटात कॉफीचा डबा लपवते आणि बिशपसमोर नाक वर करून 'हो' म्हणते. एक शब्द आहे, आई."

"खऱ्या देवाच्या घरात खोटं बोलून शिरू?"

"ते मला काही माहीत नाही. मला तू समोर हवीस." तिनं आईचं मनगट धरलं. "माझ्यासाठी एक शब्द नाही होत तुझ्याच्यानं?"

बिशप म्हणजे एल्डन ओल्सन, गावातलाच माणूस, रविवारपुरता धर्मगुरू. आठवडाभर दुधाची गाडी चालवायचा, लहानपणी शाळेत व्हेल्डाच्या वहीतून गणितं उतरवायचा. रस्त्यात तो 'अरे एल्डन' होता. प्रार्थनाघरातल्या त्याच्या खोलीत मात्र 'बिशप' आणि 'तुम्ही'. जुलैत तिला समोर बसवून त्यानं भराभर प्रश्न विचारले, तिनं भराभर उत्तरं दिली.

"आणि हा धर्म खरा असल्याची साक्ष तुझ्यापाशी आहे?"

बावीस वर्षं याच खुर्चीत तिनं हो म्हटलं होतं. आताही तोंड आपोआप उघडलं.

"मला माहीत नाही, बिशप."

"सिगारेट ओढते म्हणाली असतीस तर कमी दचकलो असतो," एल्डन म्हणाला. "चेष्टा करतेस?"

"दोन महिने विचारतेय. उत्तर नाही."

त्यानं परवान्याचा कागद पुढे ओढला. "खरं असावं अशी आशा आहे?"

"फार आहे."

"मग आशेलाच साक्ष म्हणू. तेवढ्यावर सही करतो मी." त्यानं पेन उघडलं.

व्हेल्डाला ती सही हवी होती. त्या खोलीत तिला दुसरं काहीच नको होतं. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, बिशप?"

एल्डननं दाराकडे पाहिलं. "काही दिवशी," तो हळूच म्हणाला. "काही दिवशी अगदी पक्कं माहीत असतं."

"मग माझा तसा एक दिवस येऊ दे. आजवर आईचं उत्तर माझं म्हणून सांगत आले. आता तुमचं नको."

त्यानं पेन बंद केलं.

शॉना तीन आठवडे तिच्याशी बोलली नाही. गावानं मात्र तत्परता दाखवली. कोणी म्हणालं कॉफी, कोणी म्हणालं बाहेरचं काही प्रकरण, आणि तीन घरांतून झाकलेली पातेली आली. शंका आलेल्या बाईला काय द्यावं हे कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून आजारी बाईला देतात तेच त्यांनी दिलं.

लग्नाच्या दिवशी डीलॉय आत गेला, व्हेल्डा मंदिराच्या हिरवळीवर राहिली. सोबत तीन लहान भाचरं आणि ऊन. तिला बसवेना. झाडापासून पायऱ्यांपर्यंत तिच्या किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. आत्ता शॉना गुडघे टेकत असेल, आत्ता हात पुढे करत असेल. आपण हे काय करून बसलो! सही घेतली असती तर काय बिघडलं असतं, असं तिला दर फेरीला वाटलं, आणि दर फेरीला उत्तर एकच आलं, ते खोटं ठरलं असतं. त्यानं दुःख कमी झालं नाही.

दार उघडलं. फोटोवाला ओरडू लागला, पाहुणे पायऱ्यांवर गोळा झाले. शॉना नवऱ्याचा हात सोडून सरळ हिरवळीवर आली.

"तुझ्या जागी त्याची मावशी बसली होती," ती म्हणाली.

"हं."

"मी तुला माफ केलेलं नाही, आई."

पोरीनं तोंडदेखलं काही म्हटलं नव्हतं, व्हेल्डाच्या डोळ्याला डोळा भिडवून जे होतं ते सांगितलं होतं.

"नको करूस," ती म्हणाली. "मनापासून येईल तेव्हाच कर."

शॉनानं पाठ वळवली, आणि मान खाली घालून म्हणाली, "मागचा हूक सुटलाय. लावून दे."

लेसच्या घड्यांत तो बारीक हूक सापडायला व्हेल्डाला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ शॉना हलली नाही.