चिठ्ठीत निघालेलं नाव

बच्छाव सरांसोबत चहा प्यायला बसणं ही एक शिक्षाच होती. पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी टपरी होती, तिथं आम्हा डी.एड.च्या मुलामुलींना ते चहा पाजायचे, आणि कप तोंडाला लावायच्या आत प्रश्न सुरू. शाळेत गणवेश कशासाठी? त्यात फायदा कुणाचा? आणि ज्याला तो फाटका घालून यावं लागतं, तो स्वतःला काय समजायला लागतो? हे तीन प्रश्न ते कशालाही लावत, लग्नाच्या पंगतीलासुद्धा. पुस्तकात यांनाच प्रकार्यवाद, संघर्षवाद, आंतरक्रियावाद अशी भारदस्त नावं होती. "नावं परीक्षेपुरती," सर म्हणायचे, "प्रश्न जन्मभर पुरतात."

सर मूळचे सटाण्याकडचे. वर्गात अगदी छापील बोलत, पण आतून हलले की अहिराणीवर येत. "मूल ढ जन्माला येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "त्याला तसं रोज सांगावं लागतं, तेव्हा कुठं ते होतं."

मी पेठकडची. घरात माझ्याआधी कुणी शिकलेलं नाही. पहिल्या सराव पाठाला शहरातली पोरं माझ्या बोलण्यावर फिदीफिदी हसली, मागं बसलेल्या त्यांच्या बाईही हसल्या. माझी खोलीतली मैत्रीण कमल सुरगाण्याची, तिचाही पाठ असाच पडला. आम्ही दोघींनी बॅगा भरल्या. गेलं चुलीत ते डी.एड.!

जायच्या आधी शेवटचं म्हणून वर्गात बसलो, तर सरांनी पाच नावं वाचली. "हे पाच जण उत्तम शिक्षक होणार. माझी नजर चुकत नाही." त्यात माझं नाव होतं, कमलचं नव्हतं. मी बॅग उघडली. कमलची बॅग आठवडाभर तशीच भरलेली राहिली आणि एक दिवस ती एसटीत बसून निघून गेली.

मी मात्र सुसाट सुटले. पोरं हसली की मीच विचारायची, "आमच्याकडं याला असं म्हणतात, तुमच्याकडं काय म्हणता रे?" हसणं थांबलं, हात वर यायला लागले.

निरोपाच्या दिवशी सरांनी सांगून टाकलं की ती पाच नावं चिठ्ठ्या टाकून काढली होती. शिक्षकाच्या अपेक्षेनं माणूस कसा बदलतो, ते दाखवायला. वर्ग हसला. मला रडू आलं. म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं?

आश्रमशाळेत नोकरी लागली, मुलं जीव लावू लागली, तरी तो काटा काही निघेना. सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले, पण खरं सांगायचं तर भांडायलाच गेले.

"सर, माझी चिठ्ठी निघाली नसती तर?"

"तर तू घरी असतीस," ते सरळ म्हणाले.

"म्हणजे माझं स्वतःचं काही नव्हतंच?"

"होतं ना. तेवढंच कमलकडंही होतं." सर माझ्याकडं कुशीवर वळले. "पाच जणांना चढवलं. बाकीच्यांना त्याच वेळी काय सांगितलं, ते मलाच दिसलं नाही. मनी चूक शे ती, पोरी, माझीच चूक. पुन्हा कधी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत मी. दोनदा दिंडोरीला तिच्याकडं जाऊन खरं सांगितलं. तिला वाटतं, सर मन राखायला बोलतात. तुझं ऐकेल ती."

माझा राग कुठं गेला कोण जाणे. त्यांचे पाय दाबत बसून राहिले.

सर गेले त्यानंतरच्या रविवारी मी दिंडोरीकडं गेले. कमल द्राक्षाच्या बागेत मजुरीला होती, हातात कात्री घेऊन घडांची विरळणी करत होती. मी म्हटलं, "कमल, माझं नाव चिठ्ठीत निघालं होतं गं. सरांनी मला निवडलं नव्हतं. तुझ्याहून जास्त माझ्यात काही नव्हतं."

"तूबी सरांसारखंच बोलती."

"सर गेले, कमल. नुसतं तुझं मन राखायला मी स्वतःला कशाला कमी करून घेऊ?"

तिची कात्री थांबली. वेलीआडून ती पुढं आली.

"मंग मी ढ नव्हते?" तिनं विचारलं.