ईस्टरचं गणित

बायको हायडेलबर्गला पीएचडी करत होती, मी कायझर्सलाउटर्नला गिअरबॉक्सच्या डिझाइनवर नोकरीला होतो. तिचा विषय होता मध्ययुगातल्या मठांमधलं खगोलशास्त्र. शनिवार-रविवार तेवढे आमचे, पण शनिवारी ती एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे लॅटिन शिकायला जायला लागली. संध्याकाळी मी तिच्या खोलीवर पोचलो की जेवताना त्याचंच कौतुक. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मी हट्टानं तिच्याबरोबर गेलो. म्हाताऱ्यानं प्रेमानं कॉफी दिली. तरी मी खोचकपणे विचारलंच, "चर्चनं तर विज्ञानाचा गळाच दाबला ना?"

"हो, कधीकधी दाबलाही," तो शांतपणे म्हणाला. "पण ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो. तो चुकू नये म्हणून मठांनीच चंद्रसूर्याचं गणित पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं."

उत्तर पटलं, म्हणून आणखीच राग आला. मग तो एक लॅटिन ओळ वाचायला लागला, बायकोनं ती पुरी केली आणि दोघं खळखळून हसली. मला काहीच कळलं नाही.

परतताना तिनं विचारलं, "चिडलास?"

"माझ्याबरोबर तू अशी कधी हसलीस, आठवत नाही."

ती म्हणाली, "मग तूही शीक की."

पुढच्या शनिवारपासून मीही तिच्या शेजारी बसायला लागलो. ती भराभर वाचते, मी क्रियापदांत अडकतो. म्हाताऱ्यानं तिला शाबासकी दिली की अजूनही माझ्या पोटात दुखतं.