तारेपुरता कान

माझ्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीण म्हणते. ती गिटार शिकवते, आणि संधी मिळाली की नवऱ्यालाही शहाणपण शिकवते. मी पंखे, पंप, मिक्सरच्या मोटारी रिवाइंड करणारा. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तिच्या जुन्या घाटणीच्या गिटारला तारांचा आवाज टिपणारा जो पिकअप बसवलाय, तो मी केलेला आहे. इतर नवरे बायकोला दागिना देतात, मी कॉइल दिली. चुंबकाभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळली आणि मेणात बुडवून घट्ट केली.

पहिल्या दिवशी पिकअपची वायर थेट टेपरेकॉर्डरला जोडली. वाजवता वाजवता बाईसाहेब मला झापत होत्या: वायर आखूड आहे, खुर्ची डुगडुगते. नंतर टेप लावून पाहिली तर नुसती गिटार! पिकअपला पोलादी तारेचं हलणं तेवढं कळतं, बाकी जगबुडी झाली तरी त्याच्या गावी नसतं.

"अगदी तुमच्यावर गेलाय," ती म्हणाली. "माझं एक अक्षर ऐकत नाही."

जन्मभर तिने दुसऱ्यांच्या गाण्यांमागे साथ केली. स्वतःची अशी एकच धून, आमची लेक तान्ही असताना बांधलेली. ती रेकॉर्ड करायचं आज-उद्या करत राहून गेलं. मग तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू बोटं वळणं बंद होईल.

"त्याआधी धून रेकॉर्ड करायची," ती म्हणाली. विषय संपला.

पोलादी तारा बोटांना सोसवेनात, म्हणून तिने नायलॉनच्या चढवल्या. घरी पिकअप न जोडता छान वाजल्या. स्टुडिओत पिकअप जोडला तर चिडीचूप. मला हसू आवरेना. चुंबकाला नायलॉनचं काय सोयरसुतक! रेकॉर्डिस्ट भला माणूस, त्याने समोर माइक लावला. तिने वाजवलं, ऐकलं आणि मान हलवली. धुनेच्या मध्यावर एक लांबवायचा सूर आहे, तो नायलॉनवर टिकतच नव्हता.

"आवाज गोड आहे, पण माझा नाही."

"अगं, एवढं बारीक कोण ऐकणार आहे?" मी म्हटलं.

"मी. बोटं वळेनाशी झाली की मला काय ऐकवाल, हे?"

घरी येऊन तिने पुन्हा पोलादी तारा चढवल्या, मिळतील तितक्या बारीक, आणि खालच्या सुरात सैल लावल्या. रोज सकाळी मी गरम पाण्याचं भांडं ठेवायचो, ती बोटं शेकायची आणि बसायची. जेवणाचा घास धरवत नव्हता, पण बसायची. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मावशी, थोडं थोडं वाजवा, मी नंतर जोडून देतो."

"ठिगळं लावायला मी काय फाटकी चादर आहे?" मावशी कडाडल्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याने माइक हटवून माझा पिकअपच जोडला आणि काचेपलीकडे कानांना हेडफोन लावून बसला. मी तिच्याजवळ, गरम टॉवेल मांडीवर घेऊन. तिने सुरुवात केली आणि तार दाबली की दातांआडून कण्हणं बाहेर पडायला लागलं. लांब सूर आला. तिने बोट दाबून धरलं आणि ती विव्हळली. मी हात पुढे केला. तिने नुसतं डोळे वटारून मला जागच्या जागी बसवलं. सूर तिला हवा तेवढा टिकला आणि मगच तिने तो सोडला. धून एका दमात पुरी झाली.

रेकॉर्डिस्ट धावत आत आला. "मावशी, किती सहज वाजवलंत! त्रास होतोय असं वाटलंसुद्धा नाही."

मी तोंड उघडणार तोच तिने माझ्या पायावर पाय दिला.

"हो," ती म्हणाली. "सहजच."

आता तिची बोटं खरोखरच वळत नाहीत. शिकवणी तोंडी चालते, दरारा तेवढाच. संध्याकाळी ती धून लावते आणि डोळे मिटून बसते. त्यात कुठेही कण्हणं नाही. मला मात्र ते दर वेळी ऐकू येतं, आणि लांब सूर आला की माझा हात आपोआप तिच्या हातावर जातो.

"अहो, आता नाही दुखत," ती म्हणते. "ऐका की."