मामांचा मिक्सर

मी तोंडाची फटकळ. भाजीवाल्यापासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घरी आले आणि अशा माझी बोबडी वळली. कुणासमोर, तर सासऱ्यांसमोर. आणि कशापायी, तर पोटातल्या वाऱ्यापायी.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. अख्खी हयात लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाच्या गलक्यात गेली, पण घरात माणसाचा आवाज म्हणून नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. मी समोर गेले की ते पेपर उघडणार, ते आले की मी उठून उभी राहणार. आमच्याकडे रीतच तशी. ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला पुण्यात, नवरा दिवसपाळीला कंपनीत, आणि माझी आई तर कधीच गेलेली. म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या दीड खोलीत दिवसभर मी आणि मामा.

"तू बाळाचं बघ, मी बघतो सूनबाईचं," असं ते फोनवर सासूबाईंना म्हणाले तेव्हा मला धडकीच भरली. पण या माणसाने काय केलं म्हणून सांगू. गॅलरीत उभं राहून हळूच फोनवर विचारायचे, "पेजेला पाणी किती वतू? मीठ आधी का मागून?" पेज कोमट करून आणायचे, ताकात हिंग-जिरं घालायचे, आणि ताट ठेवून लगेच बाहेर जायचे, मला संकोच नको म्हणून. मला कच्चा कांदा बंद झाला तसा त्यांनीही सोडला. कांद्याशिवाय भाकरीला हात न लावणारा माणूस, पण एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात वारा सरायची काही अडचण आली नव्हती. तिथला पंखाच एवढा खडखडायचा की कुणाला काय ऐकू जाणार. घरी मात्र माझी खाट आणि मामांची खुर्ची यांच्यामध्ये फक्त एक पडदा. संडासाचा दरवाजा फायबरचा, तोही त्यांच्या खुर्चीला लागून. सासऱ्यांपुढे मी कधी साधा ढेकर दिला नव्हता. मग काय, बसले दाबून धरत. रेल्वेलाइन जवळच आहे, तेव्हा मालगाडी धडधडत गेली की तेवढ्यात उरकून घ्यायचं, असा बेत केला. पण मेली मालगाडी गरजेला कधी येत नाही. पोटात गुबारा धरला. टाके ताणायला लागले, घास उतरेना, उगाचच रडू यायला लागलं.

टाके दाखवायला गेले तेव्हा मामा सोबत होते. डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवली आणि विचारलं, "गॅस पास होतो का?" मी खाली बघितलं. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. "परवा परत या," डॉक्टर म्हणाले. "पोट असंच राहिलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल." ती नळी मी वॉर्डात शेजारच्या बाईला घातलेली बघितली होती. त्यापेक्षा मरण परवडलं, असं मला झालं.

घरी येऊन पेज प्यायले आणि आडवी झाले. लांबून मालगाडीचा भोंगा आला तसे मी कान टवकारले. ती आपली स्टेशनातच थांबली. माझ्या तोंडून उसासा निघाला. पडद्यापलीकडे खुर्ची सरकली आणि जरा वेळाने स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

आमचा मिक्सर म्हणजे पिठाची गिरणी. मामांनी जन्मात त्याला हात लावला नव्हता. म्हटलं, सासूबाईंनी चटणी करायला सांगितली असेल. मी देवाचं नाव घेतलं आणि कूस बदलली. काय सुटल्यासारखं वाटलं! संध्याकाळी पेज झाल्यावर परत मिक्सर, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, "काका, मसाला करताय का?"

"हो, मसाला," मामा म्हणाले.

मग वास कसा येत नाही? मामा दूध आणायला खाली गेले तेव्हा मी भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेले. मिक्सरचं भांडं उघडलं. आत कोरडं ठणठणीत. मिक्सर मात्र अजून गरम होता. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. माझ्या आईने केलं असतं ते या माणसाने केलं, आणि माझी लाज जराही उघडी पडू दिली नाही. पण यांना सगळं कळलंय, हे कळल्यावर मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

झालं, पोटाने परत दार लावून घेतलं. दुपारी मिक्सर लागला तर मी दगडासारखी पडून. तो फिरत राहिला, शेवटी जळका वास आला तसा मामांनी बंद केला. संध्याकाळपर्यंत पोट टणक. उद्या डॉक्टर, उद्या ती नळी. पडल्या पडल्या मला स्वतःचाच राग आला. हा अबोल माणूस माझ्यासाठी शेजारणीशी खोटं बोलला. आणि गावभर तोंड चालवणारी मी, मला एक वाक्य बोलवत नाही?

"मामा," मी हाक मारली.

"हां."

"जरा मिक्सर लावता का?"

पलीकडे खुर्ची सरकली. "लावतो की. दुपारी लय तापला, पण लावतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परत पोटावर बोटं वाजवली. "गॅस पास होतो का?"

"होतो," मी मामांच्या देखत म्हणाले. "मामा मिक्सर लावतात."

डॉक्टर मामांकडे बघायला लागले, आणि मामा कॅलेंडरकडे.