आत्या आणि तेलाचा ब्रेक

देवाने जगातल्या वस्तू अर्ध्याच बनवल्या आणि उरलेलं काम कसबा बावड्यातल्या माझ्या आत्याकडे सोपवलं, असं माझं जुनं मत आहे. मिक्सर असो, इस्त्री असो की शेजारणीचं शिलाई मशीन, आत्या ते आधी उघडायची आणि मग काय बिघडलंय ते विचारायची. एकदा तिने आमचा चांगला चालणारा रेडिओ उघडला. का, म्हटलं तर म्हणाली, "चालतोय कसा त्ये बघाय नको व्हय?" आणि हात इतका सढळ, की बशीत सांडल्याशिवाय चहाचा कप भरला असं तिला वाटायचंच नाही.

अशा या बाईच्या घरी, दोन हजार सालानंतर कधीतरी, माझ्या आतेभावाची माउंटन बाइक येऊन राहिली. तो नोकरीला परदेशी गेला होता. या सायकलीचे ब्रेक तेलावर चालत. हँडलवरची दांडी दाबली की नळीतल्या तेलाच्या जोराने चाकावरच्या डिस्कला दोन्हीकडून चिमटा बसायचा. दिवाळीला तो येणार आणि सायकलने जोतिबाच्या डोंगरावर जाणार, असं फोनवर ठरलं. आत्याने लगेच सायकल बाहेर काढली, तर पुढच्या ब्रेकची दांडी दगडासारखी कडक. आत्याचे डोळे चमकले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चाकाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काकी, ह्येची वायर कुठं हाय?" तिथून ती मोठ्या खुशीत परतली, कारण आता हे काम तिचंच होतं.

"तेल कमी असंल," म्हणत तिने मुलाने ठेवलेल्या बाटलीतलं ब्रेकचं तेल सिरिंजने काठोकाठ भरलं. दांडी आणखीच घट्ट झाली. मग दांडीचा सांधा खोलून पुसला, नळी कुठे दबली आहे का ते पाहिलं. "म्हंजे रोग खाली हाय," तिने जाहीर केलं आणि चाक काढलं. डिस्कला चिमटा घालणारे पॅड बाहेर घेतले, तर त्यांना ढकलणारे दोन्ही पिस्टन धुळीने चिकटून बसलेले. मग कापूस आला, स्पिरिट आलं, स्वयंपाकघरातून उलथण्याचा लाकडी दांडा आला. मी टॉर्च धरून उभा. एक पिस्टन सरकला, दुसरा रुसून बसला. "ये की बाबा, किती आडून बसतोस," ती लहान मुलाला समजवावं तसं त्याला समजावत होती. शेवटी तोही हलला. सगळं जोडून तिने दांडी दाबली. ती लोण्यासारखी गेली. आत्याने आनंदाने माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि म्हणाली, "चल, जोतिबा."

साठीला टेकलेली आत्या पंजाबी ड्रेस घालून सायकलवर आणि मी मागून स्कूटरवर. चढ तिने बराचसा सायकल ढकलत संपवला. खरी परीक्षा उताराची होती. काही वळणं झाली आणि पुढचं चाक आपोआप अडायला लागलं. डिस्क तापलेली, दांडी पुन्हा कडक. "टेम्पो बघतो," मी म्हणालो. "गप. इचार करू दे मला." ती रस्त्याकडेला बसली. डिस्क गार होईपर्यंत चाकाकडे बघत राहिली आणि एकदम उठली. "मीच तेल जास्त भरलंय लेका. तापल्यावर त्ये फुगलं, त्याला जाग्याच न्हाय." तिने दांडीजवळचा स्क्रू सैल करून पॅड मागे सारले. जादा तेल वर आलं. ते ओढणीने टिपून तिने स्क्रू आवळला. चाक भिरभिरलं.

मग ती अशी सुटली की मला स्कूटर हाकूनही गाठता येईना. ओढणी कमरेला बांधलेली, प्रत्येक वळणावर अलगद वेग कमी, पुन्हा झपाटा. वर चाललेली माणसं बाजूला होऊन बघत राहिली. पायथ्याशी ती लालबुंद होऊन उभी होती. "बघितलास? एका बोटावर थांबतीया."

त्याच संध्याकाळी आतेभावाचा फोन आला. रजा मिळत नव्हती, दिवाळीला येणं जमणार नव्हतं.  आत्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बरंच झालं की. ब्रेक अजून कडकच हाय. आला असतास तर उगंच हिरमुसला असतास."

सायकल दारातच उभी होती. जोतिबाच्या रस्त्याची धूळ अजून तिच्या चाकांवर होती.